सहा पितळी पंखे, माझ्या दुकानातले

“पंखे माझे हैत! बंद करा त्या टाळ्या! त्या मखमलीवरचे सहाच्या सहा पंखे माझ्या दुकानातले हैत!”

हे कोण ओरडून राह्यलं म्हणून जालन्याच्या त्या सभागृहातल्या सगळ्या माना मागं वळल्या. मीही वळून पाहिलं. मागं भिंत होती. ओरडणारा मीच होतो.

स्टेजवर वाघमारे बाई खांद्यावर नवी शाल घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यापुढं टेबलावर लाल मखमल, मखमलीवर सहा पितळी पंखे, लिंबू-चिंच लावून असे घासलेले की माझ्या लग्नात माझं तोंडसुद्धा एवढं चमकत नव्हतं. निवेदकानं माईकवर नुकतंच सांगितलं होतं, “बाईंनी शोधलेली ही पंखा-पद्धत म्हणजे पाणी वाचवण्याचा नवा विचार आहे.” नवा विचार! माझ्या दुकानामागच्या भंगाराच्या ढिगात तो विचार आठ वर्षं पावसात भिजत पडला होता.

शेजारच्या खुर्चीतून बायकोनं मांडीला असा चिमटा काढला की माझ्या आवाजाचा वरचा ‘सा’ लागला.

“खाली बसा हो. लोकं म्हणतील पिऊन आलाय.”

पिऊन आलो असतो तर सोपं होतं, सकाळी उतरली असती. ही जी चढली होती ती तीन वर्षं चढत होती.

आता झालं असं, की या अंकाच्या संपादकांनी मला पत्र धाडलं. यंदाच्या दिवाळीला पर्यावरणासाठी राबणारी, विचार देणारी, ज्यांच्या मागं चालावं अशी आपल्या मुलखातली माणसं, असा विभाग करताहेत. ‘वाघमारे बाईंवर आपण लिहावं, आपण त्यांना जवळून ओळखता.’ पत्र वाचून मला आठ दिवस आंबट ढेकरा आल्या. मी लिहिणार बाईंवर? अहो, माझ्यावर कोण लिहिणार? कुणी लिहिणार नाही हे कळल्यावर म्हटलं, लिंबाजी, तूच लिही. बाईंवर लिहितो म्हण, आणि स्वतःवर लिही. म्हणून हे मी लिहून राह्यलो. संपादकांनी वाचून चिडू नये. बाई येतात मधून मधून.

मी लिंबाजी मिस्त्री. परतूरला स्टेशनाच्या रस्त्यावर जळालेल्या मोटारी भरण्याचं माझं दुकान होतं. आता डोळे अधू झाले, दुकान पुतण्या बघतो. विहिरीवरची, बोअरमधली मोटार जळाली की तिच्या पोटातली तांब्याची तार काढून टाकायची, नवी तार वेटोळी करून बसवायची, वरून व्हार्निश पाजायचं, वाळवायची आणि फिरवून द्यायची. याला म्हणतात मोटार भरणे. काम बायकांच्या विणकामासारखं आहे. एक वेढा इकडचा तिकडं झाला की सगळं उसवतं. फरक एवढाच, की स्वेटर उसवला म्हणून कुणी तुमच्या आईबापाचा उद्धार करत नाही.

या धंद्यात डोळ्यापेक्षा नाक मोठं. मोटार उघडली की तिला वास असतो, आणि वासाला गोष्ट असते. तारेचे दोन पट्टे काळे आणि तिसरा लाल टवटवीत राहिला, तर समजावं एक फेज गेला होता आणि ती बिचारी दोन पायांवर पळत होती. सगळ्याच तारा सारख्या काळ्या, तर दाब कमी होता, लाईट मरतुकडी होती. आणि दांडा ज्यात फिरतो ते आतले रबरी बुश वितळून जळक्या रबराचा, कोरड्या घशासारखा वास आला, तर विहीर आटली होती आणि ही पाण्याशिवाय फिरत होती. पाणबुडी मोटार पाण्यानंच थंड राहते. पाणी संपलं की ती तापते, आणि गुमान मरते. ओरडतसुद्धा नाही. ओरडतो तो मालक, माझ्या दुकानात येऊन.

माझं नाक असं की परतूर स्टेशनात गाडी उभी राहिली की इंजिनातली कुठली कॉइल तापलीय ते मी गल्ल्यावर बसून सांगत असे. एकदा तर ड्रायव्हर खाली उतरून माझ्या पाया पडला. पाया पडला नाही, पण चहा पाजला. चहाही मीच पाजला. पण तो प्याला, हे खरं.

गिऱ्हाइकंही अशी की काय सांगावं. हसनाबादचा एकजण, अख्खा जिल्हा ओलांडून, माझं नाव ऐकून एस.टी.नं मोटार घेऊन आला. कंडक्टरनं सामानात टाक म्हटलं तर ऐकेना. मोटारीला टॉवेल गुंडाळून शेजारच्या सीटवर बसवली. माझ्या दुकानात पाय ठेवला आणि म्हणाला, “मिस्त्री, सकाळपासून हिनं काही खाल्लं न्हाई.” मी उघडली. आत बेडूक होता, वाळून पापडासारखा. मी म्हटलं, “खाल्लंय की.”

तर सांगायचं काय, साठ गावांचं पाणी मी नाकानं ओळखत होतो. उन्हाळा लागला की कोणत्या गावच्या मोटारी कोरड्या जळून येतात, कोणत्या आठवड्यात, आधी वरच्या अंगाच्या का खालच्या अंगाच्या, सगळं मला तोंडपाठ. भूजलाचा साहेब जीप घेऊन येईपर्यंत मला महिनाभर आधी कळलेलं असायचं. आणि मी ते कुणालाही फुकट सांगत असे, मोठ्यानं, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. माझं एक वाक्यच होतं: “मोटार जळून येत न्हाई, विहिरीचा निरोप घेऊन येती.”

लक्षात ठेवा हे वाक्य. पुढं चोरीला जातं.

बाई पहिल्यांदा आल्या त्या मिक्सर घेऊन. मिक्सरचं काम मी घेत नसे, माझ्या इभ्रतीला शोभत नव्हतं, पण बाई म्हणजे आमच्या भागातल्या एका गावच्या. गावाचं खरं नाव लिहीत नाही, कारण पुढं कळेल. आपण ढवळवाडी म्हणू. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. बौद्धवाड्यात घर, दारात निळा रंग, आणि अर्ध्या गावाला त्यांनी कान धरून शिकवलेलं. नाही म्हणवलं नाही. बाई बाकड्यावर बसल्या.

तेवढ्यात ढवळवाडीचेच उत्तमराव टेम्पोतून उतरले. गावातले मोठे जमीनदार, मोसंबीची बाग, मिशा अशा की दोन्ही टोकांवर कावळा बसेल. उतरल्या उतरल्या गर्जना.

“मिस्त्री! लेका, एका उन्हाळ्यात तिसऱ्यांदा! तार भरतो का त्यात तंबाखू भरतो तू?”

मी मोटार उघडली. नाक लावलं. “उत्तमराव, कोरडी चालली.”

“कोरडी कशी चालंल? माझ्या इहिरीत पाणी हाय!”

“असंल. पण लाईट आल्यावर तासाभरानं हाय का?”

“ते मी कशाला बघायला जातो? ऑटो लावलाय न्हाई का तू!”

इथं सांगावं लागेल. आमच्याकडं शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री, ठरल्या वेळेला येते म्हणतात. ती आली की माणसानं शेतात जाऊन बटण दाबायचं. पण इथं कोण जातो? म्हणून स्टार्टरला एक डबी लावायची, ऑटो. लाईट आली की मोटार आपोआप चालू. मालक घरी अंथरुणात, मोटार शेतात. ढवळवाडीला एका ओढ्याच्या काठानं सत्तावीस विहिरी, सत्तावीस ऑटो, आणि सगळ्यांना मिळून खांबावरचा एक ट्रान्सफॉर्मर, आमच्याकडं त्याला डीपी म्हणतात. लाईट आली की सत्तावीस मोटारी एका दमात उठायच्या. डीपी कण्हायचा, दाब पडायचा, निम्म्या मोटारी जागेवर गुरगुरत जळायच्या. उरलेल्या तासाभरात विहिरी खरवडून काढायच्या, आणि मग कोरड्या फिरून जळायच्या.

ते ऑटो लावणारा मी. जळाल्या की भरणाराही मी. दोन्ही हातांनी जेवत होतो, आणि मला वाटायचं मी लोकांची सेवा करून राह्यलो.

उत्तमराव शिव्या घालून गेल्यावर बाईंनी विचारलं, “भाऊ, वासावरून बराबर कळतं?”

झालं. माझ्यासारख्याला असा प्रश्न विचारायचा नसतो. मिक्सर राहिला बाजूला, मी दोन तास बोललो. बाई पुढच्या गुरुवारी बाजाराच्या दिवशी परत आल्या, वही घेऊन. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. माझ्या सगळ्या फुशारक्या त्या लिहून घेत. कोणती मोटार कोणत्या विहिरीची, कोणत्या आठवड्यात कोरडी झाली. वहीत त्यांनी ओढा काढला आणि त्याच्या काठानं माझ्या जळालेल्या मोटारी ठिपक्या-ठिपक्यांनी मांडल्या. एकदा वही फिरवून माझ्यापुढं धरली.

“बघा भाऊ. या सत्तावीस विहिरी न्हाईत. ही एकच विहीर हाय, सत्तावीस तोंडाची. खालच्या एकानं उपसली की वरचा कोरडा.”

मी तीस वर्षं त्याच मोटारी हुंगत होतो. मला वास आला होता, नकाशा दिसला नव्हता. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, “तेच तर मी म्हणून राह्यलो कवाचा.”

मग बाईंनी दोर आणला, सुती, जाड. विहिरीचं पाणी किती खाली आहे ते मोजायला. माझ्या दुकानातल्या मोटारी थंड करायच्या टाकीत त्यांनी तो दोन दिवस भिजत घातला. “आत्ताच काय आखडायचा तेवढा आखडू दे. नंतर भिजला तर माप बदलायला न्हाई पायजे.” मग ओल्या दोरावरच हात-हात अंतरानं गाठी मारल्या आणि गाठी ओळखू याव्यात म्हणून प्रत्येक गाठीला जळक्या मोटारीतली तांब्याची तार गुंडाळली. तार माझी. टाकी माझी. दर रविवारी त्या सत्तावीस विहिरींत, आणि अठ्ठाविसाव्या प्यायच्या विहिरीत, दोर सोडायच्या आणि आतल्या दगडावर गेरूनं खूण करायच्या. त्या प्यायच्या विहिरीवर एकेकाळी त्यांच्या आईला लांब उभं राहून कुणी पाणी घालील का म्हणून वाट बघावी लागायची. बाईंनी हे कधी बोलून दाखवलं नाही. मला ते त्यांच्या गावच्या न्हाव्यानं सांगितलं. बाई त्या विहिरीत वाकून फक्त गाठी मोजायच्या.

पुढं त्यांनी विचारलं, “भाऊ, या डीपीवर एका वेळी किती मोटारी सुखानं चालतील?”

“सहा. सातवी लावली की सगळ्या रडत्यात.”

“तुमच्याकडं सहा सारख्या वस्तू हैत का? जड, मोडणार न्हाई अशा. गावात कुणाकडं तशी दुसरी नसावी.”

मी ढिगात हात घातला. पंपाच्या पोटात पाणी फेकणारं पितळेचं चाक असतं, त्याला आम्ही पंखा म्हणतो. वाळूनं झिजलेले सहा पंखे काढून दिले. बाईंनी गावाला गळ घातली, सहा महिने घातली, घरोघर जाऊन. ऑटो काढा. ज्याच्या स्टार्टरच्या पेटीवर पंखा टांगलेला, त्यानंच मोटार चालवायची. पाळी संपली की पंखा स्वतः चालत जाऊन पुढच्याच्या पेटीवर टांगायचा. कुणाकडं पंखा आहे ते रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिसतं. चोरून चालवली तर आवाज येतो. आणि बाईंचा दोर रविवारी खोटं-खरं करतो. माणूस पंखा घेऊन शेजाऱ्याच्या शेतात गेला की दोन शब्द बोलतो; बांधावरून दहा-दहा वर्षं न बोलणारे ‘घ्या पंखा’ म्हणून का होईना, बोलायला लागले.

पहिल्या उन्हाळ्यात ढवळवाडीतून माझ्याकडं चार मोटारी आल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात एकही नाही.

आणि माणसं यायला लागली. पुण्याहून एक बाई आल्या, पंख्यावर हात ठेवून डोळे मिटून उभ्या राहिल्या. एक दाढीवाले सर म्हणाले, “ही लोकांची प्रज्ञा आहे.” मी तिथंच होतो, म्हटलं, “हे भंगार आहे साहेब, झिजलेलं.” ते माझ्याकडं बघून हसले आणि बाईंचा फोटो काढला. मला फोटोतून बाजूला व्हायला सांगितलं, उजेड अडत होता म्हणे. पेपरात बाईंचं अर्धं पान छापून आलं. वर ठळक अक्षरात: ‘मोटार जळून येत नाही, विहिरीचा निरोप घेऊन येते.’ खाली बाईंचं नाव.

मी ते पान बायकोपुढं फेकलं.

“हे माझं वाक्य हाय!”

“मंग तुम्ही म्हणत होता तवा कोण ऐकत होतं?” बायको भाकरी थापत म्हणाली. “बाईनं ऐकलं, मंग लोकांनी ऐकलं.”

त्या दिवशी मी जेवलो नाही. जेवलो, पण तिखट कमी आहे म्हणून भांडलो.

खरी आग लागली ती दुकानातच. पूर्वी शेतकरी येऊन विचारायचे, “मिस्त्री, यंदा पाणी कुठवर टिकंल?” आता येऊन म्हणायचे, “बाई म्हणल्या म्हाशिवरात्रीपर्यंत. तुम्हाला काय वाटतं?” म्हणजे मला बाईंच्या खाली सही करायला बसवलं. अंतरवाली सराटीकडचा एकजण तर चहाच्या टपरीवर मलाच समजावून सांगत होता, मोटारीच्या वासावरून विहीर कशी ओळखावी. “परतूरला कुणी मिस्त्री हाय म्हणे,” म्हणाला. मी चहा अर्धा टाकून उठलो. मत्सर पोटात कसा जळतो ते मला नेमकं सांगता येईल. सगळे पट्टे सारखे काळे.

अशा पोटानं मी बसलो होतो तेव्हा तिसऱ्या उन्हाळ्यात उत्तमराव आले. या वेळी गर्जना नाही. बाकड्यावर बसले, मिशा खाली.

“मिस्त्री, बागेला पाणी कमी पडून राह्यलं. पाळी चार दिवसांनी येती. एक डबी लावून द्या. गुपचूप. कुणाला दिसणार न्हाई अशी.”

“आणि बाईंचा दोर?”

“दोर!” त्यांनी पानाची पिंक टाकली. “आता आमच्या इहिरीतलं पाणी आम्हाला त्या सांगणार?”

कुणी म्हणेल मी नाही म्हटलं असेल. मी स्टूल घेतलं, पक्कड घेतली, आणि टेम्पोत त्यांच्याही आधी जाऊन बसलो. त्यांच्या शेतातल्या गुरांच्या कोठ्यावर एका बंद पडलेल्या रेडिओच्या पेटीत मी ऑटो बसवला. मागून स्टार्टरपर्यंत वायर अशी नेली की रेडिओ लावायला गेलं तर बटणसुद्धा फिरावं. तीस-पस्तीस वर्षांत एवढं सुबक काम मी केलं नव्हतं. येताना शीळ घालत आलो. माझ्या मनात बाग नव्हती, उत्तमराव नव्हते. रविवारी बाईंचा दोर आणि बाईंचा पंखा एकमेकांशी भांडताना मला दिसत होते.

गुरुवारी दुपारी बाई दुकानात आल्या. दोर खांद्यावर. बाकड्यावर बसल्या, दोर मांडीवर घेतला आणि तांब्याच्या गाठी मोजायला लागल्या, मला ऐकू येईल अशा.

“उत्तमरावांच्या पेटीवर रविवारपासून पंखा न्हाई. तरी काल पाणी तीन गाठी खाली. प्यायची विहीर त्यांच्या शेजारी. ती दोन गाठी. आज बायका तळातला गाळ भरून राह्यल्या, भाऊ.”

मी एका तारेचे वेढे मोजायला लागलो. सत्तावीस, अठ्ठावीस. कितीपर्यंत मोजायचं ते आठवेना.

“गावात कुजबुज सुरू झाली,” बाई म्हणाल्या. “कुणीतरी ऑटो लावला म्हणत्यात. रविवारी ग्रामसभा हाय. सगळे म्हणून राह्यले, कुणी एकानं लावला तर आम्हीबी लावणार. म्हणजे सोमवारी सत्तावीस ऑटो. मंग जून येईपर्यंत काय राहतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत हाय.”

“मला काय माहीत,” मी म्हटलं.

“कोणत्या विहिरीत लावला ते मला दोरानं सांगितलं. कुणी लावला ते मी विचारायला आले न्हाई.” त्या उठल्या. “मोटार जळंल त्यांची. कोरडी चालून राह्यली. शनिवारपर्यंत तो ऑटो निघाला तर मी रविवारचं बघते.”

दाराशी थांबून त्यांनी माझ्या पाण्याच्या टाकीकडं पाहिलं. मग गेल्या.

शुक्रवारी सकाळी मी ढवळवाडीला गेल्तो. बांधापासूनच वास आला. आयुष्यात मी वासाबद्दल पुष्कळ खोटं बोललो, पण हा खरा आला. कोरड्या घशाचा. मोटार आधीच जळून गेली होती.

उत्तमराव रेडिओला हात लावू देईनात. “बाईला भ्याला का मिस्त्री?”

“तुमच्या मोटारीला भ्यालो. उत्तमराव, ही जळालेली दुकानात कुणी पाह्यली तर तुमचीबी अब्रू जाईल आणि माझीबी.”

“पाणी हाय अजून माझ्या इहिरीत!”

“मंग वाका आणि बघा.”

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग बाजूला झाले. मी रेडिओतून डबी काढली, मोटार वर ओढली, कडब्याखाली झाकून परतूरला आणली आणि दार लावून भरली. पोटात बाळ लपवून नेणाऱ्या बाईसारखा मी उत्तमरावांच्या टेम्पोत बसलो होतो.

रविवारी ग्रामसभेला मी गेलो. का गेलो? खरं सांगू? मला बघायचं होतं बाई कशा पडतात ते. पारावर माणसं, बाया, पोरं. एक तरणा शेतकरी उभा राहिला, “बाई, तीन गाठी पाणी कुठं गेलं ते सांगा. न्हाई तर आम्ही आजच डब्या आणतो.” मागून बऱ्याच जणांनी बराबर, बराबर केलं.

बाई उभ्या राहिल्या. दोर हातात.

“चूक माझी झाली,” बाई म्हणाल्या. “सुती दोर हाय. भिजून आखडला. गाठी जवळ आल्या, म्हणून पाणी खाली दिसलं. कुणी ऑटो लावला न्हाई. प्यायच्या विहिरीवर लग्नाघरचं पाणी गेलं जादा. मी माप चुकले.”

मग उत्तमराव हसले, सगळ्यांत मोठ्यानं. “घ्या! बाईचा दोर ढिला न्हाई, आखडला!” मग सगळा पार हसला. ज्यांना बाईंनी पट्टीनं मोजायला शिकवलं होतं तेही हसले. एकजण म्हणाला, “शाळेत आमचे मार्क असेच कमी दिले का बाई?” बाई खाली मान घालून दोर गुंडाळत होत्या, गाठीवर गाठ.

तो दोर आखडला नव्हता. दोन दिवस माझ्या टाकीत भिजला होता, ओला असतानाच गाठी मारल्या होत्या. हे त्या पारावर दोघांनाच माहीत होतं. त्यांतली एक खोटं बोलत होती आणि दुसरा गप्प होता. मोजणाऱ्या माणसानं आपलं माप खोटं म्हणायचं, म्हणजे मी माझ्या नाकाला बहिरं म्हणण्यासारखं. मी मेलो तरी म्हटलं नसतं. आणि त्या वेळीही मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, बघ, इथंही हिनंच बाजी मारली.

पण पंखे फिरत राहिले. सोमवारी एकही ऑटो लागला नाही. प्यायची विहीर दोन आठवड्यांत वर आली, आणि गावातल्या बागा जूनपर्यंत निभावल्या, उत्तमरावांचीसुद्धा.

तर आता सभागृहात परत या. निवेदकानं पंख्यांना ‘नवा विचार’ म्हटलं. त्याआधी डोंगर हिरवा करणारे एक गुरुजी झाले, प्लास्टिक वेचणाऱ्या मुली झाल्या, एक गांडूळखतवाले झाले. मला सगळ्यांचा हेवा वाटून गेला, गांडुळांचासुद्धा. मग बाई बोलल्या. चांगलं बोलल्या. पण ओढ्यापासून मोटारीपर्यंत सगळीकडं एकच: “मला एका मिस्त्रीनं सांगितलं”, “एका मिस्त्रीकडून कळलं”, “एका मिस्त्रीनं पंखे दिले”. एक मिस्त्री! जसं काही परतूरला मिस्त्र्यांचं पीक आलंय. मग टाळ्या झाल्या, आणि मी उठून ओरडलो. ते वर सांगितलंच आहे.

दोन कार्यकर्ते मला दंडाला धरून बाहेर नेत होते तर बाईंनी माईकवरून सांगितलं, “असू द्या त्यांना. ते आमच्याकडचे हैत.” त्यानं तर मला आणखी राग आला.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या मांडवात जेवण होतं. बाई ताटात वरणभात घेऊन एका कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. शाल मांडीवर घडी करून ठेवलेली, तिच्यावर पाण्याचा पेला. मी सरळ जाऊन समोर उभा राहिलो. बायको मागं, चिमट्याच्या अंतरावर.

“बाई, पंखे माझे. वाक्य माझं. तार माझी, टाकी माझी. एवढी अख्खी सभा बसली होती, माझं नाव घ्यायला काय झाल्तं? एक मिस्त्री, एक मिस्त्री! लिंबाजी म्हणायला जीभ आखडली का तुमची?”

बाईंनी भात कालवला. एक घास खाल्ला, पाणी प्याल्या, पेला परत शालीवर ठेवला.

“नाव घेतलं असतं, भाऊ,” बाई म्हणाल्या, “पण मंग पुरं सांगावं लागलं असतं.”